डाव्या डोळ्याचं उत्तर अजून यायचं आहे

वाचकाचा प्रश्न, थोडक्यात: सोलापूरच्या पूर्वभागात राहणाऱ्या २६ वर्षांच्या एका वाचक भगिनीचं पत्र आहे. त्यांची आई, घरात सगळे तिला अम्मा म्हणतात, ५४ वर्षांची आहे. लहानपणापासून विड्या वळते. ९ वर्षांपासून शुगर आहे, बीपीची गोळीही चालू आहे. मार्चमध्ये जवळच्या मंगल कार्यालयात झालेल्या शिबिरात तिच्या डोळ्यांच्या पडद्याचे फोटो काढले आणि संगणकाने लगेच छापील अहवाल दिला. उजव्या डोळ्यापुढे 'रेफर करण्याजोगी रेटिनोपॅथी (शुगरमुळे पडद्याला होणारी इजा) आढळली नाही' असं लिहिलंय, डाव्यापुढे 'प्रतिमेचा दर्जा अपुरा'. खाली रक्तवाहिन्यांचा लाल-निळा नकाशा, काही आकडे आणि 'धमन्या किंचित अरुंद' असा शेरा आहे. अम्माचं म्हणणं, मशीनने बघितलं, काही नाही म्हणाली, आता दवाखाना नको. कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असलेला धाकटा भाऊ सांगतो, हे सॉफ्टवेअर ९५ टक्के अचूक असतं. दवाखान्यात गेलं की एका दिवसाच्या विड्या बुडतात. मशीनवर विश्वास ठेवायचा की डॉक्टरांकडे जायचं, 'धमन्या अरुंद' म्हणजे हार्ट अटॅक येणार का, आणि अम्माला न दुखावता तयार कसं करायचं, हे त्यांनी विचारलं आहे.

पत्र मिळालं. सोबत पाठवलेला अहवालाचा फोटो मोठा करून पूर्ण वाचला. "मी बारावीपर्यंतच शिकले, भावाला यातलं जास्त कळतं," असं तुम्ही लिहिलंय. पण त्या कागदावरची सगळ्यात महत्त्वाची ओळ घरात फक्त तुम्हालाच खटकली. ती डाव्या डोळ्यापुढची ओळ. तिथूनच सुरुवात करते.

'प्रतिमेचा दर्जा अपुरा' याचा अर्थ मशीनला डावा डोळा बघताच आला नाही. तो ठीक आहे असं ती म्हणत नाही आणि बिघडलाय असंही म्हणत नाही. अम्माची तपासणी अर्धीच झालेली आहे. शिबिरांत असं नेहमी होतं. बाहुली मोठी करायचे थेंब न घालता फोटो काढायचा तर खोलीत दाट अंधार लागतो, तरच बाहुली आपसूक मोठी होते. आता मार्चमधलं आपलं ऊन आणि मंगल कार्यालयाच्या खिडक्या आठवा. कितीही पडदे ओढले तरी उजेड आत येणारच. पन्नाशीनंतर बाहुली तशीही लहान राहते आणि बरीच वर्षं शुगर असलेल्यांची आणखी लहान. शिवाय एका डोळ्यावर फ्लॅश पडला की दुसऱ्या डोळ्याची बाहुलीही त्याच क्षणी आवळते. उजव्याचा फोटो आधी झाला आणि रांग मोठी म्हणून डाव्याचा लगेच काढला, तर दुसरा फोटो काळपट येतो. थायलंडमधल्या दवाखान्यांत गूगलची अशीच यंत्रणा वापरली, तेव्हा पाचातला साधारण एक फोटो यंत्रणेने दर्जाच्या कारणावरून परत केला होता, असं २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं. तिथे नर्सबाई प्रशिक्षित होत्या, तरीही.

म्हणजे घाबरण्याचं कारण नसेल. पण एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. फोटो नीट न येण्याचं कारण कधीकधी डोळ्यातच असतं. मोतीबिंदू पिकत असेल, किंवा आत थोडं रक्त उतरलं असेल, तरी फोटो धूसरच येतो. उजवा फोटो स्वच्छ आला आणि डावाच आला नाही, म्हणून डावा डोळा माणसाने बघितलाच पाहिजे. एवढ्यानेच तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर झालं.

आता 'मशीन की डॉक्टर' हा प्रश्न. तुमच्या घरात या दोघांचं भांडण असल्यासारखी चर्चा चाललीय, पण अहवाल नीट वाचला तर भांडणच नाही. मशीनने दोन वेगवेगळी कामं केलीत आणि तुम्ही सगळे त्यांची सरमिसळ करताय.

पहिलं काम रेटिनोपॅथी शोधण्याचं. शुगरमुळे पडद्यावरच्या अगदी बारीक रक्तवाहिन्यांना ठिपक्याएवढे फुगे येतात, त्यातून रक्त आणि चरबीयुक्त पाणी झिरपतं, आणि पुढच्या टप्प्यात नको तिथे नव्या, ठिसूळ वाहिन्या उगवतात. डॉक्टर याच्या पाच पायऱ्या मानतात: काही नाही, सौम्य, मध्यम, तीव्र आणि नव्या वाहिन्या उगवलेली. अशी बहुतेक सॉफ्टवेअर सौम्य आणि मध्यम यांच्यामध्ये रेघ ओढतात. रेघेच्या पलीकडे असेल तर 'रेफर करा', अलीकडे असेल तर 'रेफर करण्याजोगी नाही'. म्हणून उजव्या डोळ्यात सौम्य बदल सुरू झालेले असले तरी अम्माच्या कागदावर हीच ओळ छापून आली असती. तिने ती 'काही नाही' अशी वाचली. 'आज डॉक्टरकडे धावायला नको, पण लक्ष ठेवा' अशी वाचायला हवी होती.

ही यंत्रं कुचकामी आहेत असं मला अजिबात म्हणायचं नाही. २०१६ मध्ये गूगलच्या चमूने या विषयावरचं गाजलेलं संशोधन प्रसिद्ध केलं, त्यात मदुराईचं अरविंद नेत्र रुग्णालय आणि चेन्नईचं शंकर नेत्रालय यांच्या रुग्णांचे फोटो होते. २०१८ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे औषधं आणि वैद्यकीय उपकरणं मंजूर करणाऱ्या सरकारी संस्थेने, अशा एका यंत्रणेला डॉक्टरच्या मदतीशिवाय निकाल द्यायची परवानगी दिली. त्याआधी शुगर असलेल्या ९०० जणांवर ती तपासली होती. ज्यांना खरोखर सौम्यापेक्षा जास्त आजार होता, त्यांच्यातल्या सुमारे ८७ टक्के लोकांना तिने बरोबर पकडलं. आपल्या जिल्ह्यातल्या एखाद्या गावात, जिथे डोळ्यांचा डॉक्टर महिन्यातून एकदाही येत नाही, तिथे ही फार मोठी मदत आहे. पण उरलेले १३ टक्केही याच हिशोबात आहेत, आणि त्यांच्याही हातात 'नाही' असाच कागद पडला असणार.

दुसरं काम रक्तवाहिन्या आखण्याचं. तो लाल-निळा नकाशा दिसायला फार प्रभावी असतो, आणि मला वाटतं तुमचा भाऊ त्यालाच भुलला. सॉफ्टवेअर फोटोतला हिरवा रंग वेगळा काढतं, कारण रक्तातलं हिमोग्लोबिन हिरवा प्रकाश शोषून घेतं आणि वाहिन्या गडद उठून दिसतात. मग फोटोतल्या एकेका बिंदूबद्दल ते ठरवतं, इथे वाहिनी आहे की नाही. भाऊ म्हणतो ती ९५ टक्के अचूकता याच कामातली असणार. या विषयात शिकणारे विद्यार्थी ड्राइव्ह नावाचा २००४ चा फोटोंचा एक संच वापरतात. नेदरलँड्समधले एकूण ४० फोटो, त्यातल्या ३३ फोटोंत रेटिनोपॅथीची खूणच नाही आणि बाकीच्या ७ फोटोंत अगदी सुरुवातीची.

हा आकडा कसा फसवतो ते अम्माच्याच भाषेत सांगते. शंभर विड्यांत दहा छाट, म्हणजे खराब म्हणून बाद होणाऱ्या, आहेत असं धरा. तपासणाऱ्याने डोळे मिटून "सगळ्या चांगल्या" असं म्हटलं, तरी त्याचं नव्वद टक्के बरोबरच ठरतं. छाट मात्र एकही सापडलेली नसते. पडद्याच्या फोटोत वाहिन्यांनी जेमतेम १२-१३ टक्के जागा व्यापलेली असते. एकही वाहिनी न आखता कोरा कागद दिला तरी ८७ टक्क्यांच्या आसपास गुण पडतात. त्याच ड्राइव्ह संचात दोन माणसांनी स्वतंत्रपणे वाहिन्या आखल्या होत्या. दोघांचं एकमेकांशी जुळणं बिंदूंच्या हिशोबात सुमारे ९५ टक्के निघालं, पण पहिल्याने दाखवलेल्या वाहिन्यांपैकी साधारण २२ टक्के भाग दुसऱ्याने आखलाच नव्हता. सुटल्या त्या बहुतेक केसासारख्या बारीक वाहिन्या, आणि शुगरचा पहिला फटका बारीक वाहिन्यांनाच बसतो. भावाला विचारा, त्याच्या ९५ मध्ये 'सेन्सिटिव्हिटी', म्हणजे खरोखर असलेल्या वाहिन्यांपैकी किती सापडल्या ते प्रमाण, किती आहे. तो हुशार मुलगा दिसतोय, प्रश्नाचा रोख त्याला लगेच कळेल.

आणि मुख्य म्हणजे वाहिन्या सुबक आखणं वेगळं, रेटिनोपॅथी ओळखणं वेगळं. ठिपक्यासारखे फुगे आणि रक्ताचे डाग वाहिन्यांच्या नकाशात येतच नाहीत, किंवा आलेच तर चुकून वाहिनीचा तुकडा म्हणून येतात. नकाशा कितीही देखणा असला तरी त्यावरून अम्माच्या पडद्यावर डाग नाहीत असं म्हणता येत नाही.

आता ज्या शेऱ्याने तुमची झोप उडवलीय तो, 'धमन्या किंचित अरुंद'. यात तथ्य असतं. जुना रक्तदाब पडद्यावरच्या धमन्या आक्रसवतो, हे डॉक्टरांना शंभर वर्षांहून जास्त काळ माहीत आहे. १९३९ मध्ये कीथ, वॅगनर आणि बार्कर यांनी त्यावरून बीपीच्या रुग्णांचे चार गट केले, ते आजही शिकवले जातात. संगणक तेच मोजून सांगतो. डोळ्याच्या नसेच्या चकतीभोवतीच्या एका ठरावीक पट्ट्यात तो धमन्यांची आणि शिरांची रुंदी घेतो आणि त्यांचं प्रमाण काढतो. डॉक्टरांच्या नजरेच्या अंदाजात हे प्रमाण साधारण दोनास तीन असतं. मोठ्या लोकसंख्येच्या अभ्यासांत अरुंद धमन्यांचा संबंध बीपीशी आणि रुंद शिरांचा शुगर, धूम्रपान यांच्याशी दिसला आहे. पण हजारो माणसांच्या सरासरीत दिसणारा संबंध आणि एका अम्माच्या एका फोटोतला 'किंचित' हा शब्द, यांत फार अंतर आहे. हृदयाच्या प्रत्येक ठोक्यासरशी वाहिनीची रुंदी थोडी बदलते. जास्त नंबरचा चष्मा असलेल्या, लांबट डोळ्यात वाहिन्या प्रत्यक्षापेक्षा बारीक दिसतात. मोतीबिंदूच्या धुक्यात त्यांच्या कडा विरतात आणि माप चुकतं. आणि अम्माचा तर एकाच डोळ्याचा फोटो आलाय.

त्या ओळीतून हार्ट अटॅकची तारीख काढू नका. २०१८ मध्ये गूगलच्याच संशोधकांनी अडीच लाखांहून जास्त लोकांच्या फोटोंवर शिकवलेलं मॉडेल प्रसिद्ध केलं. ते पडद्याच्या फोटोवरून वय, धूम्रपान, बीपी यांचा अंदाज बांधत होतं. थक्क करणारं काम आहे. पण वरच्या बीपीचा त्याचा अंदाज सरासरी ११ एमएमने चुकत होता. अम्माचं बीपी हवं असेल तर दंडाला पट्टा बांधूनच मोजायला हवं. गल्लीतल्या दवाखान्यात पाच मिनिटं स्वस्थ बसवून, दोन वेगवेगळ्या दिवशी मोजून घ्या. गोळी चालू असून आकडा वर असेल तर डोस बघावा लागेल, आणि त्या शेऱ्यातून आज करण्यासारखं हे इतकंच आहे.

हे झालं कागदाचं. खरा पेच अम्माचा आहे, आणि पत्रात तुम्ही तिला 'हट्टी' म्हटलंय तिथे मला थांबावंसं वाटलं. एवढी वर्षं विड्या वळणारी बाई नजरेने काम करत नाही, बोटांनी करते. मांडीवरच्या सुपातली तंबाखूची चिमूट, पानाची गुंडाळी, टोक दुमडणं, दोऱ्याचा वेढा, हे सगळं ती टीव्हीकडे बघत करत असेल. तिला खरोखरच वाटतं की मला नीट दिसतंय. रेटिनोपॅथी सुरुवातीला दुखत नाही, खुपत नाही, नजरही उतरत नाही. एक डोळा अधू झाला तरी दुसरा सांभाळून घेतो. म्हणून तिच्याशी वाद न घालता दोन गोष्टी करून बघा. पान कात्रीने कापायच्या कामाला मात्र नजर लागते, तर गेल्या वर्षभरात कारखान्यात छाट वाढलीय का, ते सहज गप्पांत विचारा. आणि एकदा तिला चष्मा लावून, उजव्या डोळ्यावर तळहात ठेवून भिंतीवरच्या कॅलेंडरचे आकडे वाचायला सांगा, मग डाव्यावर हात ठेवून. दोन्हींत फरक जाणवला तर जायची घाई करा. फरक नसेल तरी जायचंच आहे, कारण कॅलेंडर वाचता येणं म्हणजे पडदा निरोगी असणं नव्हे.

आणखी एक शंका बोलून दाखवते. कदाचित अम्माला डोळ्याची भीती नसेल, "आता विड्या बंद करा" हे ऐकण्याची भीती असेल. तो पैसा तिच्या हातचा आहे. तेव्हा "आंधळी होशील" असलं काही म्हणू नका, त्याने ती आणखी घट्ट होईल. तुमच्या दोघींच्या सोयीची गोष्ट अशी की, इथे मशीनला खोटं पाडावंच लागत नाही. अम्माचा मशीनवर विश्वास आहे ना? मग मशीनच सांगतेय की तिला डावा डोळा दिसला नाही. ती ओळ भावाने तिला तुमच्या घरच्या तेलुगूत वाचून दाखवावी, तुम्ही नको. त्याच्या तोंडून आलं तर त्याचाही मान राहतो आणि हा ताई-भावाचा सामना राहत नाही. "डावा राहिलाय, तो दाखवून येऊ," एवढंच वाक्य.

दिवस निवडताना विचार करा. थेंब घातल्यावर चार-सहा तास जवळचं धूसर दिसतं, उजेड सहन होत नाही. त्या दिवशी कात्री हातात घेता येणार नाही, हे तिला आधीच सांगा. नंतर कळलं तर तिला फसवल्यासारखं वाटेल. कारखान्याला सुट्टी असेल तो दिवस धरा. सिव्हिलमध्ये, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयात, डोळ्यांचा विभाग आहे. सकाळी लवकर जाऊन केसपेपर काढा. परतताना टोपी किंवा पदर आणि काळा चष्मा हवा, आणि तिला एकटीला बसमध्ये बसवू नका. काचबिंदू आहे असं पूर्वी कुणी सांगितलं असेल तर थेंब घालण्याआधी डॉक्टरांना सांगा. सोबत शिबिराचा अहवाल, शुगरचे जुने कागद, चालू गोळ्यांची पाकिटं, आधार, रेशन कार्ड आणि विडी कामगाराचं ओळखपत्र ठेवा. तीन महिन्यांची सरासरी शुगर, लघवीतली प्रथिनं आणि बीपी त्याच फेरीत होतात का ते विचारा, म्हणजे दुसरा दिवस बुडणार नाही. पुढे लेझर, इंजेक्शन किंवा ऑपरेशनची वेळ आली, तर खर्च करण्याआधी दवाखान्यात सरकारी योजनेची माहिती देणाऱ्या आरोग्यमित्राला गाठा आणि महात्मा फुले जनआरोग्य योजनेत काय बसतं ते पक्कं करून घ्या.

डॉक्टरांना सरळ विचारा: दोन्ही डोळ्यांत पाच पायऱ्यांपैकी कोणती पायरी आहे? पडद्याच्या मध्यभागी सूज आहे का? डाव्याचा फोटो का आला नव्हता? पुन्हा कधी यायचं? उत्तरं केसपेपरवर लिहून घ्या. काही नसेल तर वर्षातून एकदा, बदल असतील तर डॉक्टर सांगतील तेवढ्या लवकर. वेळेत लेझर किंवा इंजेक्शन मिळालं तर आहे ती नजर बहुतेकांची टिकते. गेलेली नजर परत आणणं मात्र फार अवघड असतं, म्हणून मी इतकी मागे लागलेय. आणि मधल्या काळात अचानक काळे धागे तरंगताना दिसले, एका बाजूने पडदा ओढल्यासारखं झालं किंवा एका डोळ्याची नजर एकाएकी उतरली, तर सुट्टीची वाट बघायची नाही, त्याच दिवशी दवाखाना.

असेच शिबिराचे कागद कपाटात ठेवलेले बरेच वाचक असतील. तुम्हीही ते आज बाहेर काढा. दोन्ही डोळ्यांचे निकाल आहेत का ते बघा. 'नाही' लिहिलंय ते नेमकं कशाबद्दल, तेही वाचा. तो अहवाल फक्त शुगरच्या बदलांबद्दल असेल तर काचबिंदू, मोतीबिंदू किंवा चष्म्याचा नंबर यांबद्दल त्याने अवाक्षर काढलेलं नाही. आणि मंडळातर्फे शिबिर भरवणाऱ्यांना हात जोडून विनंती आहे: कॅमेरा आणायच्या आधी खोली काळोखी करा, दोन डोळ्यांच्या फोटोंमध्ये काही मिनिटं जाऊ द्या, आणि ज्यांचा फोटो आला नाही त्यांची नावं वेगळ्या वहीत लिहून आठवड्याच्या आत त्यांना डॉक्टरपर्यंत न्या. आजारी निघालेल्यांची यादी सगळेच करतात. फोटो न आलेल्यांची कुणी करत नाही आणि तीच माणसं निसटतात.

तुमच्या भावाबद्दल शेवटचं. त्याच्यावर रागावू नका. त्याला या विषयाची खरंच ओढ असेल तर त्याला सांगा की रेटिनोपॅथीचा एक नावाजलेला भारतीय संच आपल्याच राज्यातला, नांदेडचा आहे. इड्रिड त्याचं नाव, ५१६ फोटोंचा, आणि त्यातल्या ८१ फोटोंवर डाग न् डाग हाताने आखलेला आहे. नेदरलँड्सच्या त्या ४० फोटोंवर शिकवलेलं एखादं मॉडेल त्याने त्यावर चालवून पाहावं. आणि त्याआधी शिबिरवाल्यांना फोन करून अम्माच्या दोन्ही डोळ्यांचे मूळ फोटो मागून घ्यावेत, छापील नकाशा नको, कॅमेऱ्यातली फाइल. उजव्याचा तो फोटो सिव्हिलच्या डॉक्टरांना दाखवता येईल, आणि पुढच्या वर्षी नवा फोटो त्याच्याशेजारी ठेवून बघता येईल.